हातभर काठीचा प्रवास

माझ्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली, गेले बारा दिवस एक काठी आडवी पडलेली आहे. हातभर लांब, अंगठ्यापेक्षा जाड, करड्या सालीची. पान नाही, कळी नाही. कामाला येणाऱ्या मावशींनी दोनदा विचारलं, "ताई, हे कचऱ्यात टाकू का?" दोन्ही वेळा मी जवळपास ओरडलेच. ती आमच्या आजोळच्या चाफ्याची फांदी आहे. तो चाफा आता नाही.

आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. घरासमोरच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि अंगणाचा पुढचा भाग त्यात गेला. मोजणीला आलेल्या लोकांनी झाडांची यादी केली. आंबे किती, माड किती, फणस किती, पोफळी किती. प्रत्येकाचं वय, प्रत्येकाची किंमत. गडग्याला लागून उभा असलेला चाफा यादीत आला नाही. मामाने विचारलं, "याचं काय?" उत्तर मिळालं, "उत्पन्न कुठे आहे त्याला?" मामाने वाद घातला नाही. फाल्गुन चालू होता, झाडावर एक पान नव्हतं. आजीने कोयता मागवला, सात फांद्या तोडून घेतल्या आणि घरातल्या सात जणांना एकेक वाटली.

"लगेच लावू नकोस गं," ती मला म्हणाली. "सावलीत पडून राहू दे. चीक सुकला, जखम भरली, की मग माती दाखव. घाई केलीस तर कुजेल."

"आजी, तुला हा चाफा कुठे मिळाला होता?"

"मला कुठला मिळतोय? सासूबाईंनी लावलेला. त्यांनी माहेराहून काठी आणली होती. त्यांच्या माहेरी कुठून आली, ते त्यांनाच ठाऊक."

काठी वर्तमानपत्रात गुंडाळून मी पुण्याला आणली. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की, गेटजवळच्या रिकाम्या वाफ्यात चाफा लावला तर चालेल का. पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर आलं: "चाफा विदेशी आहे. मेक्सिकोचा. कृपया देशी झाडे लावावीत." खाली तीन अंगठे.

मला राग आला. आजीच्या देवघरातली परडी वर्षानुवर्षं ज्या फुलांनी भरली, ते झाड परदेशी? त्याच रागात शोधायला बसले. काकांची माहिती बरोबर निघाली. पण शोधता शोधता हेही कळलं की, 'मेक्सिको' हा शब्द टाईप करून विषय संपत नाही. मेक्सिकोपासून आमच्या गडग्यापर्यंत हे झाड आपल्या पायांनी आलेलं नाही. वाऱ्याने आणलं नाही, पक्ष्याने आणलं नाही. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी फांदी तोडली, सुकवली, जपली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. मला जो इतिहास सापडला, तो त्या हातांचा आहे.

*

आधी नावाचा घोळ सोडवू. मराठी माणूस बऱ्याच सुवासिक फुलांना चाफा म्हणून मोकळा होतो. सोनचाफा हा मूळचा इथला, संस्कृतातला चंपक. तो मॅग्नोलियाच्या कुळातला. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला. भुईचाफा हळदीच्या कुळातला, जमिनीतून थेट फूल काढणारा. नागचाफा आणखी वेगळा. आणि आपला पाच पाकळ्यांचा, मधे पिवळी झाक असलेला, तोडला की पांढरा चीक गाळणारा देवचाफा किंवा खुरचाफा हा कण्हेरीचा भाऊबंद. या सगळ्यांचं एकमेकांशी नातं जवळजवळ शून्य. समान आहे तो वास आणि आडनाव. देवचाफा इथे आला तेव्हा लोकांनी त्याचं मूळ गाव विचारलं नाही. वास घेतला आणि आपल्या घरातलं आडनाव त्याला लावून टाकलं.

त्याच्या मूळ मुलखात, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत, अझ्टेक लोक त्याला 'काकालोशोचित्ल' म्हणायचे. नाहुआत्ल भाषेत 'काकालोत्ल' म्हणजे डोमकावळा आणि 'शोचित्ल' म्हणजे फूल. कावळ्याचं फूल. शेजारच्या निकाराग्वाने आज याच झाडाच्या फुलाला राष्ट्रीय फूल मानलं आहे.

अझ्टेकांना सुगंधी फुलांचं वेड होतं, आणि सुगंधी झाडं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची कलाही त्यांना अवगत होती. पहिल्या माँटेझुमाने (कारकीर्द १४४० ते १४६९) राजधानीच्या दक्षिणेला, वाश्तेपेक नावाच्या उबदार जागी एक बाग वसवली. दिएगो दुरान नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने शंभरेक वर्षांनी जुन्या माणसांकडून ऐकून तिची हकिगत लिहून ठेवली आहे. समुद्राकाठच्या उष्ण प्रदेशातून कोकोची आणि सुवासिक फुलांची झाडं मुळांसकट, मातीसकट, चटयांत गुंडाळून आणवली गेली. नुसती झाडं नाहीत, त्यांच्यासोबत तिथले माळीही आणवले. लागवडीआधी या माळ्यांनी आठ दिवस उपास केला. कानाच्या पाळ्या टोचून रक्त काढलं आणि ते झाडांवर शिंपडलं. झाडं तगली, आणि तीन वर्षांच्या आत अशी फुलली की माळी स्वतःच चकित झाले.

रक्त शिंपडण्याचा भाग वाचून अंगावर काटा येतो. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. झाड हलवायचं तर त्याची सवय असलेला माणूसही हलवावा लागतो, हे त्या राजाला माहीत होतं. झाडाबरोबर त्याची रीत प्रवास करते. "चीक सुकू दे, मग माती दाखव" हे माझ्या आजीचं वाक्य तिने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. काठीबरोबर ते तिच्याकडे आलं.

*

स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोहोचल्यावर या झाडाला जगाचे रस्ते उघडले. युरोपात त्याला जी नावं मिळाली, त्यांत त्याच्या मायदेशाचा मागमूस नाही. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मगुरूने सतराव्या शतकाच्या शेवटी कॅरिबियन बेटांच्या तीन सफरी करून तिथल्या वनस्पती नोंदवल्या. त्याच्या नावावरून शास्त्रीय नाव पडलं 'प्लुमेरिया'. बाजारात चाललं 'फ्रँजिपानी'. ते आलं फ्रांजिपानी या इटालियन उमराव घराण्यावरून. त्यांच्या नावाचं एक अत्तर हातमोज्यांना लावायची फॅशन होती. फुलाचा वास त्या अत्तरासारखा वाटला, म्हणून फुलाला अत्तराचं नाव मिळालं. आपण फुलावरून अत्तराला नाव देतो, इथे उलटं झालं.

पूर्वेकडचा प्रवास जास्त रंजक आहे. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं मेक्सिकोच्या अकापुल्कोहून फिलिपिन्समधल्या मनिलाला जात होती. जाताना चांदी, येताना रेशीम आणि चिनी मातीची भांडी. अकापुल्को ते मनिला साधारण तीन महिने लागत. चांदी कुणाची आणि किती याचे कागद झाले, कारण तिच्यावर कर होता. कुणा खलाशाच्या नाहीतर पाद्र्याच्या सामानात खोचलेल्या काठीवर कसला कर? तिची आठवण राहिली ती भाषेत. फिलिपिन्समध्ये चाफ्याला आजही 'कालाचुची' म्हणतात. 'काकालोशोचित्ल' भराभर म्हणून पाहा. महासागर ओलांडताना काठीने मूळ नाव सोबत आणलं आणि ते वाटेत थोडं झिजलं.

पुढे मात्र नावं बदलत गेली. इंडोनेशियात तो 'कंबोजा' झाला, म्हणजे कंबोडियाचा. तिथे तो कबरस्तानात लावतात. बालीत मात्र तेच फूल देवाला वाहतात आणि कानामागे खोचतात. लाओसमध्ये तो 'दोक चंपा', आणि तिथलं ते राष्ट्रीय फूल. म्हणजे मेक्सिकोच्या झाडाला लाओसने आपल्या संस्कृतातल्या चंपकाचं नाव देऊन राष्ट्रीय मान दिला. बंगालीत तो 'काठगोलाप', लाकडी गुलाब. हवाईत तो बराच उशिरा पोहोचला. विल्हेल्म हिलेब्रँड या जर्मन डॉक्टरने १८६० मध्ये तो तिथे नेला असं मानतात. आज हवाई म्हटलं की पर्यटकाच्या गळ्यातला चाफ्याचा हार डोळ्यांसमोर येतो. तो हवाईचा नाही हे तिथे उतरणाऱ्या कितीजणांना माहीत असेल?

थोडक्यात, काकांच्या हिशेबाने हा चाफा जगात जवळजवळ सगळीकडे विदेशी आहे. आणि जवळजवळ सगळीकडे तो कुणाच्या तरी देवाचा, नाहीतर मेलेल्या माणसाचा, अगदी जवळचा झालेला आहे.

*

पण तीन महिने समुद्रावर एखादी फांदी जिवंत कशी राहील?

एकोणिसाव्या शतकापर्यंत जहाजावरून झाडं नेणं म्हणजे बहुतेक झाडं मारणंच होतं. खारं वारं, उन्हाचा तडाखा, आणि पिण्याचं पाणी माणसांनाच पुरत नसे, तिथे रोपांना कोण घालणार? १८२९ मध्ये लंडनच्या नथॅनिअल वॉर्ड या डॉक्टरला दिसलं की, बंद बाटलीतल्या ओल्या मातीत आपोआप नेचा उगवला आहे आणि पाणी न घालता जगतो आहे. त्यातून त्याने काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि १८३३ मध्ये त्यांतून रोपं थेट सिडनीला पाठवून दाखवली. पुढे चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आली ती अशाच पेट्यांतून. इतिहासाच्या पुस्तकांत वॉर्डच्या पेटीला मानाचं पान आहे, आणि ते योग्यच आहे.

चाफ्याला ती पेटी कधीच लागली नाही. त्याचं खोड मांसल असतं, पाणी साठवून ठेवणारं. फांदी तोडली की चीक बाहेर येतो आणि जखमेवर साकळतो. आठ-पंधरा दिवस कोरड्या सावलीत ठेवली की कापलेल्या तोंडावर खपली धरते. मग ती फांदी आठवडेच्या आठवडे पडून राहू शकते. कधीकधी मातीचा स्पर्श नसतानाही तिला पानं, अगदी फुलंसुद्धा येतात. आपल्याकडे देवळाच्या ओट्यापाशी, दर्ग्याच्या आवारात, समाधीजवळ चाफा लावायची जी रीत पडली, तिच्यामागे हेच असणार. जे झाड तोडल्यावरही फुलतं, ते मरणाच्या शेजारी लावावंसं वाटणारच.

आणि म्हणूनच चाफ्याला मारायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे माया. खपली धरायच्या आत मातीत खुपसा, रोज पाणी घाला, काम तमाम. ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि काठी आतून मऊ पडते. खपली धरल्यावर निम्मी वाळू घातलेल्या मातीत ती रोवायची, एकदा पाणी द्यायचं आणि पानं फुटेपर्यंत हात आखडता घ्यायचा.

काठीला मुळं फुटतात ती कशामुळे, हे शास्त्रज्ञांना १९३०च्या दशकात नीट उमगलं. शेंड्याकडे आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते खालच्या दिशेने वाहतं. फांदी तोडली की ते कापलेल्या टोकाशी साठतं, आणि तिथल्या पेशींना मुळं बनवायचा निरोप मिळतो. म्हणूनच काठीला वर-खाली असतं. उलटी रोवून चालत नाही, हे आजीलाही माहीत होतं. तिने प्रत्येक काठीच्या खालच्या टोकाला सुतळी बांधून दिली होती. नर्सरीत मिळणारी रूटिंग पावडर म्हणजे याच द्रव्याची कारखान्यात बनवलेली बहीण.

इथे एक शब्द आठवतो, 'क्लोन'. ऐकला की आपल्याला प्रयोगशाळा, मेंढी, सायन्स फिक्शन आठवतं. पण हा शब्द बागायतीतला आहे. १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने, कलमाने किंवा कंदाने वाढवलेल्या झाडांसाठी तो सुचवला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे फांदी, डहाळी. म्हणजे माझ्या गॅलरीत पडलेली काठी हा त्या शब्दाचा अगदी शब्दशः अर्थ. बी पेरलं की नवा जीव येतो, आई-बापाचं मिश्रण असलेला. छाट लावली की तोच जीव पुढे चालू राहतो. पणजीच्या माहेरचा चाफा, आजीच्या अंगणातला चाफा आणि माझी काठी ही तीन झाडं नाहीत. एकच झाड आहे, तीन ठिकाणी.

*

चाफ्याच्या सोबतीने मेक्सिकोहून आणखी एक सुगंध निघाला होता, आणि त्याने काठीऐवजी कंदाचा रस्ता धरला: निशिगंध. आपली गुलछडी. लग्नाचा हॉल असो, वरातीची गाडी असो, तिच्यावाचून आपलं पान हलत नाही. रजनीगंधा, निशिगंध, गुलछडी अशी नावं ऐकली की वाटतं, ही इथे युगानुयुगं असणार. तिचं नाहुआत्ल नाव होतं 'ओमिशोचित्ल', हाडाचं फूल. पांढरीफटक, गुळगुळीत कळी पाहिली की नाव पटतं. इंग्रजीतल्या 'ट्युबरोज'चा गुलाबाशी काहीही संबंध नाही. कंदासाठीच्या लॅटिन शब्दातून ते आलं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे तिला थेट घायपाताच्या प्रजातीत नेऊन बसवलं आहे. एवढं नाजूक फूल, आणि नातेवाईक बांधावरचं काटेरी घायपात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिचे कंद स्पेनमार्गे युरोपात पोहोचले होते. कंद म्हणजे निसर्गाने बांधून दिलेला डबाच. आत अन्न, आत पाणी, बाहेर कोरडी सालं. पोत्यात भरा, महिनाभर विसरा, तरी जिवंत.

मात्र निशिगंधाबद्दलची एक गोष्ट वाचून मी थांबले. ही वनस्पती जंगलात कुठेच सापडलेली नाही. मेक्सिकोतसुद्धा नाही. तिच्या बहिणी तिथल्या डोंगरांत आहेत, पण ती स्वतः फक्त माणसाने लावलेल्या वाफ्यात आढळते. तिच्यातल्या डबल म्हणजे गच्च पाकळ्यांच्या जातीला तर बीही धरत नाही. आपला शेतकरी काही वर्षांनी गुलछडीचं शेत खणतो, कंदांचे झुबके फोडतो, सावलीत पसरून ठेवतो, बारीक बाजूला काढतो आणि चांगले निवडून पुन्हा लावतो. या साहित्याला मराठीत नेमका शब्द आहे: बेणं. उसाचं बेणं, हळदीचं बेणं, तसं गुलछडीचं बेणं. बियाणं वेगळं, बेणं वेगळं. बी पेरणं आणि जुनाच जीव पुढे चालवणं यातला फरक आपल्या शेतीच्या भाषेत आधीपासून आहे. उद्या सगळ्यांनी बेणं काढायचं बंद केलं, तर काही वर्षांत डबल निशिगंध पृथ्वीवरून संपेल. त्याला परतायला जंगल नाही. त्याचा मुलूख म्हणजे शेतकऱ्याचा वाफा.

इथे त्याच्यात भरही पडली. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सिंगल आणि डबलच्या संकरातून 'शृंगार', 'सुवासिनी' यांसारखे वाण काढले. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत कंदांना गॅमा किरण देऊन 'रजतरेखा' आणि 'स्वर्णरेखा' हे पानांवर पट्टे असलेले वाण मिळवले. या वाणांना मेक्सिकन म्हणायचं की भारतीय? काकांना विचारायला हवं.

*

हा रस्ता एकतर्फी नव्हता. आपल्याकडूनही बेणं गेलं.

मोगरा दक्षिण आशियातला. तोही छाटेवर किंवा दाब कलमावर वाढणारा. गच्च पाकळ्यांच्या मोगऱ्यात बी धरणं विसराच. पूर्वेकडे जाऊन तो फिलिपिन्समध्ये 'सांपागिता' झाला आणि १९३४ मध्ये तिथलं राष्ट्रीय फूल ठरला. इंडोनेशियात तो 'मेलाती'. चीनमध्ये त्याच्या कळ्यांच्या संगतीत चहाची पत्ती ठेवून जस्मिन टी बनतो. हवाईत तो 'पिकाके', म्हणजे मोर, कारण तिथल्या काइउलानी राजकन्येला मोरही आवडायचे आणि मोगराही.

पश्चिमेकडची गोष्ट तर थेट गोव्यातून सुरू होते. इटलीतल्या टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो (कारकीर्द १६७० ते १७२३) याला दुर्मिळ झाडांचा शौक होता. गोव्याहून त्याच्याकडे एक मोगरा गेला, आपल्या बटमोगऱ्यासारखा, छोट्या गुलाबाएवढा भरगच्च. तो फ्लॉरेन्सजवळच्या त्याच्या बागेत वाढवला गेला. इटालियनमध्ये या फुलाला 'मुगेरिनो' म्हणतात, आणि त्यात आपला मोगरा स्पष्ट ऐकू येतो. नर्सरीच्या जगात ही जात आजही 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' म्हणून विकली जाते. नेणाऱ्याचं नाव झाडाला चिकटलं. गोव्यात ज्याने छाट काढून दिली, त्याचं नाही.

टस्कनीत एक लोककथा सांगतात. कहाणी म्हणूनच ऐका. ड्यूकने हुकूम काढला होता की, बागेतल्या जाईची एक डहाळीही बाहेर जाता कामा नये. एका तरुण माळ्याने प्रेयसीला फुलांचा गुच्छ दिला, त्यात एक डहाळी होती. तिने ती मातीत खोवली. ती जगली. तिने छाटी करून विकल्या आणि त्या पैशांवर दोघांचं लग्न झालं. म्हणून तिथे नवरीच्या केसांत जाईची डहाळी माळायची पद्धत पडली म्हणतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातलं गणित खरं आहे. छाटीवर वाढणाऱ्या झाडाची मक्तेदारी टिकत नाही. एक डहाळी भिंतीबाहेर गेली की संपलं.

आता नाण्याची दुसरी बाजू. गौरी-गणपतीच्या दिवसांत फुलणारा आपला सोनटक्का पूर्व हिमालयाच्या बाजूचा. आल्यासारख्या गड्ड्यांनी वाढतो. तो क्यूबात पोहोचला आणि तिथलं राष्ट्रीय फूल झाला. क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धात बायका त्याच्या फुलांत चिठ्ठ्या लपवून नेत, असं तिथे सांगतात. पण ब्राझीलमध्ये आणि हवाईत तोच सोनटक्का ओढ्याकाठी, दलदलीत माजला आहे. गड्ड्याचा तुकडा पाण्याबरोबर वाहून जातो, पुढे रुजतो आणि तिथल्या स्थानिक झाडांची जागा खातो. आपल्या परसातला सोज्वळ पाहुणा तिकडे घुसखोर आहे.

म्हणजे काकांचा मुद्दा पोकळ नाही. परक्या झाडांनी नुकसान केल्याची उदाहरणं आपल्याकडेही ढिगाने आहेत. घाणेरी अमेरिकेहून शोभेचं झुडूप म्हणून आली. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया पसरवल्या आणि आज ती सह्याद्रीच्या उतारांवर हटता हटत नाही. टेकडीवर, रानात झाडं लावायची असतील तर देशीच लावावीत, यात मला शंका नाही. फुलपाखरांना, पक्ष्यांना चाफ्याचा उपयोगही फारसा नाही. त्याच्या फुलात मध नसतो. रात्री नुसता वास सोडून तो पतंगांना फसवतो, आणि आपल्याकडे त्याला शेंग क्वचितच धरते.

पण याचाच अर्थ असा की तो स्वतःहून कुठे जात नाही. सोनटक्का ओढ्याने जातो, घाणेरी पक्ष्याने जाते. चाफा माणसाने नेला तरच जातो. एखाद्या झाडाबद्दल 'देशी की विदेशी' याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा असं मला आता वाटतं: हे झाड आपल्या जोरावर पसरतं, की कुणाच्या तरी हाताने? पहिल्यापासून जंगल वाचवावं लागतं. दुसऱ्याला मात्र आपणच वाचवावं लागतं.

*

एकच जीव अनेक ठिकाणी असणं यात धोका आहे. एकाला जो रोग होतो, तो त्याच्या सगळ्या प्रतींना होऊ शकतो. पावसाळ्याच्या सुमारास चाफ्याचं पान उलटून पाहा. बऱ्याचदा मागे नारिंगी पूड दिसते. तो तांबेरा. झाड सहसा मरत नाही, पण पानं गळून पडतात. बियांपासून येणाऱ्या झाडांत कुणी ना कुणी निबर निघतो. छाटीवर वाढलेल्या झाडांत नवा चेहराच येत नाही. त्यांच्या हाती एकच विमा उरतो, जास्तीत जास्त ठिकाणी असणं.

आजीने सात फांद्या का तोडल्या, हे मला परवा तिचा फोन आला तेव्हा कळलं.

"फुटली का गं?"

"अजून मातीतच लावली नाही. तूच म्हणालीस ना?"

"बरं केलंस. धाकट्याने दुसऱ्याच दिवशी लावली आणि बादलीने पाणी घातलं. कुजली." धाकटा म्हणजे माझा मामेभाऊ. "मुंबईवालीची वाटेत मोडली. आता पाच राहिल्या."

"मग गं?"

"मग काय? म्हणून तर सात दिल्या. तुझी वाढली की त्याला एक फांदी दे. आणि या खेपेला त्याला नीट सांग."

मोजणीच्या यादीत त्या चाफ्याची किंमत शून्य होती, आणि यादी करणाऱ्यांचं तसं चुकलं नाही. बाजारात त्या झाडाला भाव नाही. मेक्सिकोहून निघाल्यापासून वाटेतल्या कुणीच बहुधा त्याला भाव लावला नसेल, म्हणून तर ते इतक्या लांब येऊ शकलं. मागितलं की मिळणारी गोष्ट होती ती. आजेसासूच्या माहेरच्या गडग्यावरून कुणीतरी हात पुढे केला असेल आणि कुणीतरी, "घे, पण आधी सुकू दे," म्हणालं असेल.

रविवारी काठीला पंधरा दिवस होतील. कुंडी आणली आहे, निम्मी वाळू मिसळून ठेवली आहे. कापलेलं तोंड बोटाने दाबून पाहिलं, टणक झालं आहे. सुतळीचं टोक खाली. ग्रुपवर मी लिहिलं की, गेटजवळच्या वाफ्यात कुड्याचं नाहीतर बकुळीचं रोप लावू, दोन्ही इथलीच आहेत. चाफा माझ्या गॅलरीत राहील. काकांनी अंगठा दिला. मग रात्री वेगळा मेसेज आला, फक्त मला: "फांदी वाढली तर एक ठेवाल का? आमच्या गावच्या घरासमोर होता."

मी लिहिलं, दोनेक वर्षं लागतील. आणि दिल्यावर लगेच लावू नका.